वैद्याची परीक्षा कोणीं घ्यावी ?

इसवी सन ९३१ मधील ही हकीकत आहे. बगदादमधील एका वैद्याच्या चुकीनें एक रोगी दगावल्याची वार्ता खलीफा अल्-मुक्तदिर याच्या कानीं गेली, आणि त्यानें फर्मान सोडलें : सिनान इब्न साबित या राजवैद्यानें परीक्षा घेऊन ज्याला योग्य ठरविलें नसेल, त्यानें या शहरांत औषधोपचार करूं नये. अरब चरित्रकार सांगतात कीं, या हुकमान्वयें साडेआठशेंहून अधिक वैद्य सिनानपुढें येऊन उभे राहिले. त्यांत उंची पोषाख केलेला एक भारदस्त वृद्ध गृहस्थ होता. सिनाननें आदरपूर्वक त्याला त्याच्या गुरूविषयीं विचारलें. वृद्धानें उत्तराऐवजीं मोहोरा पुढें ठेवल्या आणि हळूच कबूल केलें कीं, त्याला लिहितां-वाचतां येत नाहीं, पण सारा प्रपंच याच धंद्यावर चालतो. सिनानला हंसूं आलें. न समजणाऱ्या रोगाला हात लावूं नये, उगीच शीर तोडूं नये, कडक रेचक देऊं नये, एवढ्या अटी घालून त्यानें त्याला मोकळें केलें. दुसऱ्या दिवशीं एक देखणा तरुण आला. त्याच्या गुरूची चौकशी करतां, आदल्या दिवशीं येऊन गेलेला वृद्ध हाच आपला पिता व गुरु, असें त्यानें सांगितलें. त्यालाही त्याच अटींवर परवानगी मिळाली.

या गोष्टींत थोडा मीठमसाला असेलही. परंतु वैद्याला सनद देण्यापूर्वीं त्याची पारख कशी करावी, या प्रश्नाची सारी अडचण तींत दिसून येते. परीक्षेची आठवण राज्यकर्त्यांना झाली ती एक माणूस प्राणास मुकल्यावर. आणि परीक्षा झाली ती परीक्षकाच्या दिवाणखान्यांत, जेथें रोगी नव्हताच. त्या वृद्धाच्या हाताला गुण होता कीं नव्हता, रोग्याशीं तो कसा बोलत असे, त्याचें गाऱ्हाणें ऐकून घेत असे कीं नाहीं, हें सिनानला कळण्यास मार्ग नव्हता. वैद्यक परीक्षेच्या पुढील इतिहासांत हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या रीतींनीं झालेला आढळतो.

प्राचीन भारतीय वैद्यकानें या बाबतींत फार नेमका विचार केला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत वैद्यानें व्यवसायांत पाऊल केव्हां टाकावें याचें विवेचन आहे. शास्त्राचें अध्ययन, त्याच्या अर्थाचें मनन, इतरांचें कर्म डोळ्यांनीं पाहणें, स्वतःच्या हातांनीं सराव करणें आणि शेवटीं राजाची अनुज्ञा मिळविणें, हा तेथील क्रम आहे. हाताच्या सरावाला तेथें 'योग्या' असें नांव असून त्याचीं साधनेंही सांगितलीं आहेत : छेद घेण्याचा अभ्यास कोहळ्यावर व दुध्या भोपळ्यावर, खरवडण्याचा अभ्यास केसाळ कातड्यावर, शीर वेधण्याचा अभ्यास कमळाच्या देठावर, आणि पट्टी बांधण्याचा अभ्यास कृत्रिम मनुष्याकृतीवर. एवढ्यावर सुश्रुत थांबत नाहीं. वैद्याचा वेष साधा व स्वच्छ असावा, त्याची वाणी कल्याणकारी असावी, त्याच्या ठायीं कपट नसावें, प्राणिमात्रांशीं त्यानें आप्ताप्रमाणें वागावें, असेंही तेथें सांगितलें आहे. म्हणजे ज्ञान, हस्तकौशल्य आणि वाणी हीं तिन्ही सनदेचीं अंगें मानलेलीं होतीं. त्यांतील पहिल्याची परीक्षा घेणें सोपें, दुसऱ्याची कठीण. तिसऱ्याची परीक्षा घेतां येईल असें तर पुढें शेंकडों वर्षें कोणाच्या मनांतही आलें नाहीं.

युरोपांतील परीक्षा दीर्घ काळ ग्रंथांपुरती राहिली. १५१८ सालीं लंडन येथें वैद्यांचें राजमान्य महाविद्यालय स्थापन झालें व त्याला शहरांतील वैद्यांची परीक्षा घेण्याचा अधिकार मिळाला. ही परीक्षा तोंडी आणि लॅटिन भाषेंत होई. ज्या भाषेंत लंडनचा एकही सामान्य रोगी आपलें दुखणें सांगूं शकत नव्हता, त्या भाषेंत वैद्याची योग्यता ठरत होती. रोग्याला परीक्षेच्या दालनांत आणण्याचें श्रेय इंग्लंडांत केंब्रिजकडे जातें. जॉर्ज पॅजेट या वैद्याच्या आग्रहावरून त्या विद्यापीठानें १८४२ सालीं उमेदवाराला रोग्याच्या खाटेपाशीं उभें करून त्याची परीक्षा घेण्याचा प्रघात पाडला. १८५८ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें जनरल मेडिकल कौन्सिल अस्तित्वांत आलें. आणि १८८६ च्या दुरुस्तीनें औषधोपचार, शस्त्रक्रिया व प्रसूति या तिन्ही विषयांत उत्तीर्ण झाल्यावांचून कोणाचेंही नांव डॉक्टरांच्या नोंदवहींत चढूं नये, असा निर्बंध झाला.

मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें आणि १८५१ सालीं त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्यांतलेच. वैद्यकव्यवसायाची नोंदणी करणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९१२ सालीं झाला. भारतीय पदव्यांना इंग्लंडांत मान्यता होती खरी. पण पुढें याच परीक्षेच्या प्रश्नावरून मोठा तंटा उद्भवला. भारतीय विद्यार्थ्यांना प्रसूतीचें प्रत्यक्ष शिक्षण पुरेसें मिळत नाहीं, पुरेशीं बाळंतपणें त्यांच्या हातून होत नाहींत, असा आक्षेप लंडनच्या कौन्सिलनें घेतला. १९२२ सालीं सर नॉर्मन वॉकर हे पाहणीसाठीं भारतांत आले, आणि अखेर १९३० सालीं ही मान्यता काढून घेण्यांत आली. या प्रकरणांत साम्राज्याचा अहंकार किती आणि रोग्याचें हित किती, यावर त्या काळीं पुष्कळ वाद झाला. त्यांतूनच १९३३ चा भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा जन्माला आला. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतु कांहींही असो; नुसत्या उत्तरपत्रिकेवरून हाताची परीक्षा होत नाहीं, हें तत्त्व मात्र दोन्ही पक्षांना मान्य होतें.

या तत्त्वाची सर्वांत मोठी कसोटी अमेरिकेंत लागली. तेथें प्रत्येक राज्याची सनद वेगळी व परीक्षाही वेगळी. सर्व राज्यांना मान्य होईल अशी एकच उत्तम परीक्षा असावी, या हेतूनें फिलाडेल्फियाचे शस्त्रवैद्य विल्यम रॉडमन यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं वैद्यक परीक्षकांचें राष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. त्याची पहिली परीक्षा १९१६ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टन येथें झाली. ती जवळजवळ आठवडाभर चालली : निबंधवजा प्रश्न, प्रयोगशाळेंतील काम, तोंडी प्रश्न, आणि इस्पितळांतील खऱ्या रोग्यांची तपासणी. परीक्षेला दहा उमेदवार बसले, पांच उत्तीर्ण झाले.

दहा उमेदवारांच्या बाबतींत जें शक्य होतें, तें हजारोंच्या बाबतींत अवघड झालें. एका उमेदवाराच्या वांट्यास ठसठशीत लक्षणें असलेला बोलका रोगी येई, तर दुसऱ्याच्या वांट्यास गुंतागुंतीचा, त्रासलेला, एका शब्दांत उत्तर देणारा रोगी येई. एक परीक्षक उदार, दुसरा कडक. परीक्षा मात्र एकच आणि सनदही एकच ! इकडे १९५० नंतर निबंधवजा प्रश्न मागें पडून दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याची पद्धति आली. यंत्रानें तपासलेल्या त्या उत्तरांत पक्षपाताला जागा नव्हती. तेव्हां मंडळानें रोग्यापुढील परीक्षेचेंही गणित मांडून पाहिलें. एकाच उमेदवाराविषयीं दोन परीक्षकांनीं स्वतंत्रपणें दिलेल्या गुणांचा परस्परांशीं मेळ फारच थोडा, असें दिसून आलें. उमेदवाराचें भवितव्य त्याच्या योग्यतेइतकेंच त्याच्या नशिबावर अवलंबून होतें, असाच याचा अर्थ. १९६४ सालीं मंडळानें रोग्यापुढील परीक्षा बंद केली. त्यानंतर चाळीस वर्षेंपर्यंत अमेरिकन महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला एकाही रोग्याला हात न लावतां सनदेची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होतां येत असे. त्याला रोगी तपासतां येतो कीं नाहीं, हें त्याच्या महाविद्यालयानेंच पाहून घ्यावें, असें ठरल्यासारखें झालें.

नेमकें याच सुमारास एका मज्जातंतुतज्ज्ञाला निराळी युक्ति सुचली. हॉवर्ड बॅरोज हे त्यांचें नांव. न्यूयॉर्कमध्यें शिक्षण घेत असतां परीक्षेसाठीं येणाऱ्या एका रोग्यानें त्यांना गंमतीची गोष्ट सांगितली होती. एक उमेदवार त्याच्याशीं उर्मटपणानें वागला आणि धसमुसळेपणानें तपासूं लागला. तेव्हां रोग्यानें चिडून आपल्या एका पायाचें लक्षण दुसऱ्या पायावर करून दाखविलें! रोगी लक्षणांचें सोंग आणूं शकतो, आणि उमेदवाराच्या वागणुकीचा न्यायही तो करीत असतो, हें बॅरोज यांच्या ध्यानांत आलें. १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें त्यांनीं चित्रकारांपुढें बसणाऱ्या एका स्त्रीला तालीम देऊन पक्षाघाताच्या रोग्याची भूमिका वठविण्यास शिकविलें. ती विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना त्या रोग्याच्या जीवनवृत्तान्तानुसार उत्तरें देई आणि तपासणी संपल्यावर विद्यार्थी कसा वागला तें लिहून काढी. १९६४ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हां अनेकांनीं त्याची थट्टा केली. जवळच हॉलिवूड असल्यानें थट्टेला विषय आयताच मिळाला. वैद्यकासारख्या गंभीर विद्येंत नाटकाचें काय काम, असा टीकेचा रोख होता.

पण या नाटकानें १९६४ ची अडचण दूर होत होती. तोच रोगी, तींच लक्षणें, तेंच गाऱ्हाणें शंभर उमेदवारांपुढें जसेंच्या तसें उभें करतां येऊं लागलें. ॲरिझोना विद्यापीठांतील बालरोगतज्ज्ञ पॉला स्टिलमन यांनीं १९७० नंतरच्या दशकांत आजारी मुलांच्या आयांची भूमिका करणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. विद्यार्थ्यानें प्रश्न कसे विचारले, बोलणें मध्येंच तोडलें काय, समजेल अशा शब्दांत सांगितलें काय, याचे गुण त्या स्त्रियाच ठराविक टांचणावरून देत. स्कॉटलंडांतील डंडी येथें रोनाल्ड हार्डन यांनीं १९७५ सालीं आणखी एक भर घातली. एका उमेदवाराला एकाच रोग्यापुढें तासभर बसविण्याऐवजीं त्यांनीं अनेक छोटे मुक्काम मांडले. एका ठिकाणीं छाती तपासावयाची, दुसऱ्या ठिकाणीं वृत्तान्त विचारावयाचा, तिसऱ्या ठिकाणीं क्ष-किरणांचें चित्र वाचावयाचें. घंटा वाजली कीं पुढें सरकावयाचें. प्रत्येक मुक्कामावर परीक्षक निराळा आणि गुणांचें टांचण आधींच ठरलेलें. एका परीक्षकाची मर्जी वा एका रोग्याचा स्वभाव यांवर आतां कोणाचें भवितव्य अडकून राहणार नव्हतें. 'ऑस्की' या नांवानें ही पद्धति जगभर पसरली. कॅनडानें १९९२ सालीं ती आपल्या सनदेच्या परीक्षेंत घेतली.

अमेरिकेंत ही पद्धति प्रथम लागू झाली ती परदेशी डॉक्टरांना. १९९८ सालीं फिलाडेल्फिया येथें त्यांच्यासाठीं अशी परीक्षा सुरू झाली. २००४ सालीं ती अमेरिकन विद्यार्थ्यांसही सक्तीची करण्यांत आली. परीक्षेचीं केंद्रें अवघीं पांच : फिलाडेल्फिया, अटलांटा, शिकागो, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस. उमेदवारानें एका दिवसांत बारा खोल्यांत जावयाचें. प्रत्येक खोलींत तालीम दिलेला एक रोगी बसलेला. पंधरा मिनिटांत त्याचें ऐकून घ्यावयाचें, त्याला तपासावयाचें, आपला अंदाज त्याला समजावून सांगावयाचा. आणि मग बाहेर येऊन दहा मिनिटांत टिपण लिहावयाचें. रोगनिदानाकडे नेणारें काम, रोग्याशीं संभाषण व वर्तणूक, आणि बोललेलें इंग्रजी कितपत समजतें, असे तिचे तीन भाग होते. तिन्ही भागांत स्वतंत्रपणें उत्तीर्ण व्हावें लागे. रोगाचें अचूक अनुमान करणारा उमेदवार रोग्याशीं नीट न बोलल्यामुळें अनुत्तीर्ण होऊं शकत असे. सुश्रुतानें सांगितलेली वाणी सनदेच्या कसोटीवर आली ती अशी.

वाणीला एवढें महत्त्व देणें हा नुसता सौजन्याचा प्रश्न नव्हता. कॅनडांत १९९३ ते १९९६ या काळांत ही परीक्षा दिलेल्या ३,४२४ डॉक्टरांच्या पुढील व्यवसायाचा मागोवा घेण्यांत आला आणि २००७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. परीक्षेंत संभाषणाचे गुण ज्यांना कमी पडले होते, त्यांच्याविरुद्ध पुढें अधिकृत मंडळांकडे आलेल्या तक्रारींचें प्रमाण अधिक आढळलें. एका दिवसाच्या नाटकांत दिसलेली उणीव पुढें वर्षानुवर्षें खऱ्या रोग्यांच्या वांट्यास येत राहिली, असेंच यावरून म्हणावें लागतें.

असें असूनही ही परीक्षा अमेरिकेंत टिकली नाहीं. विरोधाचें पहिलें कारण पैसा. शेवटच्या काळांत अमेरिकन विद्यार्थ्याला तिची फी सुमारें तेराशें डॉलर पडे, परदेशी उमेदवाराला त्याहून अधिक. शिवाय प्रवास व मुक्कामाचा खर्च निराळा. पुण्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरला व्हिसा मिळवून, अर्धी पृथ्वी ओलांडून एका दिवसाच्या परीक्षेसाठीं जावें लागे, आणि अपयश आल्यास पुन्हां तोच खटाटोप. दुसरें कारण असें कीं, अमेरिकन विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा पंचाण्णवच्या आसपास पहिल्याच खेपेस उत्तीर्ण होत. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत हिशेब मांडण्यांत आला कीं, पुन्हां बसूनही उत्तीर्ण न होणारा एक अमेरिकन विद्यार्थी शोधून काढण्यासाठीं सर्वांचा मिळून दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च होतो. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक होता. दार ठोठावणें, हात धुणें, नांवानें संबोधणें, सहानुभूतीचें एक वाक्य उच्चारणें, 'आणखी कांहीं विचारावयाचें आहे काय ?' असें शेवटीं म्हणणें, या गोष्टी उमेदवार शिकवण्यांतून तोंडपाठ करूं लागले होते. रोगी सोंगाचा होता. आतां डॉक्टरची करुणाही सोंगाची होऊं लागली, असें टीकाकार म्हणत. २०१६ सालीं विद्यार्थ्यांनीं परीक्षा रद्द करण्याची मागणी करणारी चळवळ उभारली. २०२० च्या मार्चमध्यें कोविडच्या साथीमुळें परीक्षा स्थगित झाली आणि २०२१ च्या जानेवारींत ती कायमची बंद करण्यांत आल्याचें जाहीर झालें. त्याच वर्षीं कॅनडानेंही आपली तशीच परीक्षा बंद केली.

या निर्णयांचा अर्थ लावतांना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. १९६४ सालीं रोग्यापुढील परीक्षा गेली ती अन्यायाची ठरली म्हणून. २०२१ सालीं गेलेल्या परीक्षेंतील मोठा अन्याय दूर झालेला होता. ती गेली ती खर्चिक म्हणून आणि साथीच्या काळांत भरवितां येईना म्हणून. ती निरुपयोगी होती, असें मात्र सिद्ध झालेलें नव्हतें. तोंडपाठ सौजन्याच्या आक्षेपालाही उत्तर आहे. हात धुण्याची संवय आधीं परीक्षेच्या भीतीनेंच कां लागेना, रोग्याला तिचा फायदा मिळतोच. परंतु खर्चाचा बोजा तरुण उमेदवारांवर, आणि त्यांतही परदेशी उमेदवारांवर टाकून समाजानें आपलें समाधान करून घ्यावें, हेंही न्यायाचें नव्हतें. सनदेची परीक्षा ही रोग्याच्या रक्षणासाठीं असते. तेव्हां तिचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न समाजानें स्वतःलाच विचारावयास हवा होता.

ब्रिटननें वेगळा मार्ग धरला. १९७५ सालीं भारतीय पदव्यांना असलेली मान्यता तेथें पुन्हां गेली आणि परदेशी डॉक्टरांसाठीं भाषेची व वैद्यकाची कसोटी सुरू झाली. तीच पुढें 'प्लॅब' या नांवानें भारतीय डॉक्टरांच्या घरोघरीं परिचित झाली. तिचा दुसरा भाग मँचेस्टर येथें होतो व त्यांत तालीम दिलेले रोगी असतात. भारतांत वैद्यकीय महाविद्यालयांच्या अंतिम परीक्षेंत उमेदवाराला खऱ्या रोग्यापुढें बसवून 'लाँग केस' घेण्याची रीत चालत आलेली आहे. म्हणजे जी पद्धति अमेरिकन मंडळानें नशिबाचा खेळ म्हणून टाकून दिली, तिचेच गुणदोष येथेंही आहेत. परदेशांत शिकून येणाऱ्यांसाठीं २००२ सालीं सुरू झालेली परीक्षा मात्र पर्यायी उत्तरांची आहे. तींत रोगी नाहीं. २०१९ पासून एम्. बी. बी. एस्. च्या अभ्यासक्रमांत वर्तन, नीति व संभाषण यांचें शिक्षण समाविष्ट झालें. त्याच वर्षींच्या कायद्यानें सर्वांसाठीं एकच अंतिम परीक्षा ठरविली आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यांत प्रात्यक्षिकाची योजना करण्यांत आली. परंतु २०२३ सालीं तिची अंमलबजावणी पुढें ढकलण्यांत आली.

बगदादच्या सिनानपासून आजवरच्या या प्रवासांत परीक्षेचीं साधनें बदललीं, पण तिढा तोच राहिला. जी परीक्षा सर्वांना सारखी, ती रोग्यापासून दूर जाते. जी रोग्याजवळ जाते, ती सर्वांना सारखी राहत नाहीं. आणि दोन्ही गुण जिच्यांत एकत्र आणावे, ती परवडत नाहीं. या तिन्ही गोष्टींचा मेळ घालणें हें कांहीं एकट्या परीक्षामंडळाचें काम नव्हे. शिकविणाऱ्यानें विद्यार्थ्याला वर्षभर रोग्यापुढें पाहावें, त्याचें बोलणें ऐकावें, वेळीच चूक दाखवावी, आणि सनदेच्या परीक्षेनें त्यावर शेवटचा पहारा ठेवावा, असें झालें तरच हा भार पेलण्याजोगा होतो. शेवटचा पहारा उठला तर आधींच्या पहाऱ्यानें दुप्पट जागें राहिलें पाहिजे. सरकारी इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या बाईला तिच्यासमोरच्या डॉक्टरनें कोणत्या पद्धतीची परीक्षा दिली होती हें ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. तिचें म्हणणें त्यानें पुरतें ऐकून घेतलें काय आणि औषध कसें घ्यावयाचें तें तिला समजेल असें सांगितलें काय, एवढेंच ती पाहते. परीक्षेनें जें मोजावयाचें, तें याहून निराळें नाहीं.